एका टेबलावरची दोन काडतुसे

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. मी कधी कुठल्या जिवावर नेम धरलेला नाही. दूरच्या फळीवर चिकटवलेल्या कागदाखेरीज मी आयुष्यात कशालाही भोक पाडले नाही. तरीही एका सकाळी माझ्याच पोटातून असा आवाज निघाला, की त्या आवाजातून मी अजून सावरलेली नाही. माणसाला धक्का बसला की त्याची वाचा जाते म्हणतात. माझे उलटे झाले. तेव्हापासून मला बोलावेसे वाटू लागले.

माझा जन्म एका पोलादाच्या भरीव दांड्यातून झाला. कारखान्यात मला यंत्रावर घट्ट आवळले आणि एक लांबलचक बरमा माझ्या अंगातून आरपार नेला. मग आतून पीळ कोरले. त्या पिळांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. माझ्या त्या भोकाच्या रुंदीला कॅलिबर म्हणतात. आमचे लोक मात्र सरळ ‘नंबर’ म्हणतात, जसा बुटाचा नंबर असतो तसा. बुटाचा नंबर चुकला तर पायाला फोड येतो. आमचा नंबर चुकला तर काय होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझा नंबर मोठा होता. गोळी जाड, वजनदार. मला त्याचा केवढा अभिमान!

मला खांद्याला टेकवायचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि मी दुकानाच्या काचेमागे उभी राहिले. तिथून मला ज्यांनी नेले, ते बंदरावर क्रेन चालवत असत. उंच खोक्यात बसून अवजड पेट्या जहाजातून अलगद उचलायच्या आणि अलगद टेकवायच्या, हे त्यांचे काम. असा स्थिर हात मी पुन्हा पाहिला नाही. ते चाप ओढत नसत. चापाला हळूच समजावत असत. पुढे त्यांच्या सुनेमुळे त्यांना नेमबाजीचे सगळे मैदान ‘मामंजी’ म्हणू लागले. सून हाक मारी ती ऐकून मैदानावरच्या प्रमुखांनीही तीच उचलली, आणि प्रमुख तर वयाने त्यांच्याहून थोरले होते! मीही त्यांना मामंजीच म्हणते.

आमचे मैदान गावाबाहेर होते. एका टोकाला पत्र्याची लांब शेड, तिच्यात ओळीने सिमेंटची टेबले. दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध. मधे नुसते गवत आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी छोटी निशाणे. फळी एक किलोमीटरवर. इतक्या लांबून ती नखाएवढी दिसे. मामंजी तिथे कागदाच्या मधोमध भोक पाडत आणि दुर्बिणीला डोळा लावलेले लोक ‘वा!’ म्हणत. कपाटावर ढाली जमू लागल्या. त्यांची बायको, म्हणजे सुनेच्या सासूबाई, त्या पुसत पुसत म्हणायच्या, “एवढ्या ढाली आल्या, त्यातली एकही पोळपाट म्हणून कामाची नाही.”

माझा झटका मात्र जबर होता. जाड गोळी पुढे जाताना मला मागे ढकले आणि मी मामंजींच्या खांद्यात घुसे. खांदा काळानिळा पडे. रात्री सासूबाई शेकत बसत आणि कुरकुरत, “हा खेळ आहे की मारामारी?” मामंजी हसून सांगत, “खांदा दुखला म्हणजे गोळी पोहोचली.” ते ऐकून मी फुगून जायची.

मग घरात सून आली. मुलगा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला मोठ्या आवाजाचे वावडे. माझी पेटी उघडली, की तो दुसऱ्या खोलीत जाई. सून मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्याजवळ येऊन बसली. ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायची. माझ्यावरची दुर्बीण तिने उजेडात धरून फिरवून पाहिली आणि म्हणाली, “मामंजी, हिच्या कडेला धूळ बसलीय. म्हणून संध्याकाळी तुम्हाला फळी धुरकट दिसत असणार.”

मामंजींनी तिच्याकडे पाहिले, मग दुर्बिणीकडे पाहिले. “तुला कसं कळलं मला धुरकट दिसतं ते? मी तर कुणाला बोललो नव्हतो.”

“तुम्ही बोलला नाहीत, पण भुवया आवळता ना.”

झाले. पुढच्या रविवारपासून सूनबाई मैदानावर. मामंजींनी तिला माझ्यामागे बसवले, खांदा कुठे टेकवायचा, श्वास कधी रोखायचा, सारे शिकवले. मुलगी हुशार. पण, मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला कळत होती, कारण तिचा गाल माझ्या दस्त्याला टेकलेला असे. पहिली गोळी ती छान मारी. दुसऱ्या गोळीला, चाप ओढण्याच्या किंचित आधी, तिचा गाल आक्रसे आणि डोळा मिटे. ती घाबरट नव्हती. तिचे शरीर माझा झटका आठवून आधीच अंग चोरत होते. जवळच्या फळीवर ते खपून जाई. किलोमीटरवर नाही. तिथे गोळ्या कागदाच्या चारी बाजूंना जात.

मामंजी म्हणत, “होईल सवय.”

ती हो म्हणे. सवय झाली नाही. गोळ्या कुठे जातात ते पाहायला ती दुर्बिणीतून बघे, तेवढ्यात माझ्या झटक्याने दुर्बीण आभाळाकडे झालेली असे. मग ती शेजाऱ्याला विचारी, “कुठे गेली हो माझी?” दर वेळी असे विचारावे लागणे तिला खुपत होते.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “मामंजी, मी माझी वेगळी रायफल करून घेईन म्हणते.”

“घे की! नळीवाल्यांना सांगतो, आपल्याच नंबरची जोडी—”

“आपल्या नंबरची नाही. बारीक नंबरची.”

मामंजींचा घास हातातच राहिला. मी पेटीत होते, पेटी उघडी होती, मीही गार पडले. बारीक नंबर? एक किलोमीटरसाठी? तो काय चिमण्या उडवायचा खेळ आहे?

“वाऱ्यात उडून जाईल तुझी गोळी,” मामंजी म्हणाले.

“एकदा बघून तरी येते.”

सासूबाईंनी वाटीत आमटी वाढत म्हटले, “दोन दोन रायफली येणार घरात, आणि भाजी चिरायला एक धड सुरी नाही!” पण कुणी हसले नाही.

नळीवाले म्हणजे आमच्या भागातले रायफली बनवणारे कारागीर. माझी साफसफाई राहिली होती, म्हणून सूनबाईने मलाही नेले, आणि त्यामुळे पुढचे सारे मी डोळ्यांनी पाहिले. नळीवाले बोलके आणि भारी हौशी. त्यांनी आधी एक राक्षसी नळी काढून टेबलावर आदळली. माझ्याहूनही मोठा नंबर. “ही घ्या! डोंगरापलीकडे जाईल गोळी!”

सूनबाई म्हणाली, “काका, डोंगरापलीकडे माझं काही काम नाही. मला त्या कागदावर मारायचंय.”

मग ती शांतपणे निवडीला बसली. लांबवर टिकेल अशी कुठली? नळीवाल्यांनी गोळ्या ओळीने मांडल्या. माझी गोळी जाड आणि आखूड. बारीक नंबरची गोळी लांबट, टोकदार, सुईसारखी. सूनबाईने ती बोटांत फिरवली. “ही वाऱ्याला कमी अडेल.” नळीवाले म्हणाले, “अडेल कमी, पण नळी लवकर झिजते हिची. आणि मोठ्या नंबरची काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात, हिची शोधावी लागतात.” ती म्हणाली, “शोधीन. आणि नळी झिजेस्तोवर मी शिकलेली तरी असेन.”

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिने तिन्ही चालवून पाहिल्या. राक्षसी नळीने तिला खुर्चीसकट मागे सरकवले. मग माझी पाळी, आणि माझ्यावर तिचा गाल तसाच आक्रसला. शेवटी ती बारीक नंबरची. आवाज झाला, धूर आला, आणि सूनबाई ओरडली, “दिसली! काका, मला माझी गोळी लागताना दिसली!” झटका इतका कमी होता, की दुर्बीण फळीवरून हललीच नव्हती. पुढच्या गोळीला तिचा डोळा मिटला नाही. तिच्या पुढच्यालाही नाही.

मी पाठीमागच्या टेबलावर पडून हे पाहत होते. मला केवढा धक्का बसला म्हणून सांगू! इतकी वर्षे मला वाटे की झटका म्हणजेच ताकद. आणि ही कालची मुलगी म्हणते, झटका नको, नेम हवा.

तिने तीच निवडली. मामंजी काही बोलले नाहीत, आणि तेच वाईट होते. ते तिच्याशी भाजीपाल्याचे बोलत, नळाला पाणी आले का विचारत. नेमबाजीचा शब्द काढत नसत. मैदानावर तिचे टेबल एका टोकाला, आमचे दुसऱ्या टोकाला. ती लांबून हात करी. मामंजी निशाणांकडे पाहत.

मग वर्षाची मोठी स्पर्धा आली. त्या दिवशी वारा वेड्यासारखा होता. निशाणे क्षणात इकडे, क्षणात तिकडे. आमच्या गोळ्या कागदाच्या कडेकडेला गेल्या. मामंजींनी मला खाली ठेवले आणि मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून सुनेची फळी पाहिली. बराच वेळ पाहिली. तिच्या भोकांवर एक वाटी उपडी ठेवली असती, तर सगळी झाकली असती. मामंजींनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. “अरेच्चा,” एवढेच ते म्हणाले. पण त्या एका शब्दात त्यांचा सगळा हट्ट विरघळला, हे मला कळले.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन थेट तिच्या टेबलापाशी गेले. “सरक जरा. तुझ्या शेजारी बसतो. वारा कसा वाचतेस ते बघू दे.”

सूनबाईचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. तिने घाईघाईने आपले सामान एका बाजूला ओढले.

आता, मित्रांनो, मैदानाचा एक साधा नियम होता. एका टेबलावर एकच रायफल, एकाच नंबरची काडतुसे. नवख्या माणसाने तो मोडला तर प्रमुख शिट्टी वाजवून सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेत. त्या दिवशी ते मागून आले, त्यांनी दोन रायफली पाहिल्या, काडतुसांचे दोन डबे पाहिले. शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली सोडली. बाजूच्या पंचाला म्हणाले, “मामंजी आहेत. त्यांना काय सांगायचं?” हा नियम नव्या पोरांना मामंजींनीच घोकून घेतलेला होता. तेसुद्धा त्या दिवशी तो विसरले. इतक्या दिवसांचा अबोला सुटला होता. त्या आनंदात कुणाचे लक्ष डब्यांकडे गेले नाही.

दोन्ही काडतुसे पितळेची, बूड सारखेच, उंचीत किंचित फरक. फक्त गोळीकडच्या टोकाला तिचे बारीक. समोर धरली तर लहान मूलही ओळखील. पण न पाहता हाताला?

सूनबाई वाऱ्याबद्दल सांगत होती, मामंजी ऐकत होते. ती म्हणाली, “मधलं निशाण खाली पडलं की मारायचं, मामंजी. आत्ता पडतंय बघा.” आणि ती आपली पाण्याची बाटली आणायला मागे वळली. मामंजींना तो क्षण सोडायचा नव्हता. त्यांचा डोळा माझ्या दुर्बिणीला चिकटलेला राहिला. हात तेवढा बाजूला गेला, चाचपडला, आणि डब्यातून एक काडतूस घेऊन आला.

ते माझ्या पोटात आले आणि सैल बसले. मला कळले! पायात दुसऱ्याचा बूट घातल्यावर कळते तसे कळले. हे माझे नाही, हे माझे नाही! पण मला तोंड असले तरी ते फक्त गोळी बाहेर सोडण्यापुरते. काडतूस आत कोंडणारा खटका बंद झाला. मधले निशाण खाली पडले. मामंजींनी चापाला नेहमीसारखे हळूच समजावले.

तो आवाज पुढे गेलाच नाही. तो माझ्या आतच फुटला. सैल पितळ फाटले, जळता वायू पुढे जाण्याऐवजी मागे उसळला, माझा खटका फाकला, अक्रोडाचा दस्ता मुठीत धरायच्या जागी उभा चिरला. गोळी कुठेतरी समोरच्या गवतात धडपडत पडली. मी टेबलावरून घसरून सिमेंटवर पडले होते आणि माझ्या अंगावर मामंजींच्या रक्ताचे थेंब पडत होते. ज्या माणसाने मला उभ्या जन्मात कधी जमिनीला टेकू दिले नाही, त्याच्या तोंडावर मी आग ओकले होते.

“मामंजी! मामंजी, हात काढा, बघू द्या मला!” सूनबाई ओरडत होती. त्यांचा संरक्षक चष्मा तिनेच दुकानात बनवून दिलेला. त्याचे भिंग तडकून जाळे झाले होते, पण आरपार गेले नव्हते. एक बारीक कपची मात्र खालच्या फटीतून आत शिरली होती. मामंजी ओरडत नव्हते, रडत नव्हते. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, “तुला लागलं का गं? तुला लागलं का?” स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसावा, कारण ते फार मोठ्याने बोलत होते.

त्यांना नेले. मला एका पोत्यात गुंडाळून प्रमुखांच्या खोलीत, टेबलाखाली ठेवले. तिथे मी कितीतरी दिवस होते. येणारे-जाणारे बोलत ते ऐकत होते. “बारीक नंबर आणला तेव्हाच मला वाटलं होतं,” एक म्हणाला. “एका घरात दोन नंबर आणावेच कशाला?” दुसरा म्हणाला. मी थक्क झाले. वर्षानुवर्षे यांनी मामंजींकडून धडे घेतले होते, सूनबाईच्या हातचा चहा प्यायले होते. आता चूक शोधायला त्यांना तीच एकटी दिसली. सूनबाईने म्हणे आपली रायफल कुलपात घालून किल्ली नवऱ्याच्या हातात दिली होती.

एका दुपारी मामंजी त्या खोलीत आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, गालावर टाके. एका बाजूने सासूबाईंनी धरलेले, दुसऱ्या बाजूने सुनेने. सूनबाई इतकी वाळली होती, की मी तिला आधी ओळखलेच नाही. प्रमुख उठून उभे राहिले. म्हणाले, “मामंजी, तुम्ही निश्चिंत असा. आम्ही ठरवलंय, या मैदानावर बारीक नंबर बंद. पुन्हा असं व्हायला नको.”

सूनबाईने मान खाली घातली. मामंजींनी ऐकू यावे म्हणून डावा कान पुढे केला. “काय बंद?”

“बारीक नंबर. काडतूस सूनबाईंचं होतं ना.”

“काडतूस तिचं होतं,” मामंजी म्हणाले. “हात कुणाचा होता?”

प्रमुखांची नजर टेबलाखाली, माझ्या पोत्याकडे गेली.

“डोळा कुणी काढला नाही फळीवरून? तिनं? बंद करायचं असेल तर मला करा. आणि साहेब, त्या दिवशी शिट्टी तुमच्या ओठापर्यंत आली होती. नव्या पोराला वाजवली असती. मला का नाही वाजवली?”

प्रमुखांचा चेहरा पांढरा पडला. “तुमचा मान...” ते पुटपुटले.

“मान ठेवलात. डोळा गेला.”

सूनबाई इतके दिवस रडली नसावी. ती तिथे खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. सासूबाईंनी तिचे डोके पोटाशी धरले आणि नवऱ्यावर खेकसल्या, “हे घरी नाही का बोलायचं? पोरगी पंधरवडा जेवली नाहीये!”

“घरी बोललो असतो तर हे कुठे ऐकायला होते?” मामंजी म्हणाले. मग सुनेकडे वळले. “ऊठ. नळीवाल्यांकडे जायचंय. मला रायफल निवडायचीय. डाव्या खांद्यावरची. उजवा डोळा आता भिंगाला उपयोगाचा नाही, हे तुझ्याहून जास्त कुणाला कळणार?”

“कुठल्या नंबरची?” तिने पदराने तोंड पुसत विचारले.

“तुझ्या नंबरची. एका घरात एकच नंबर.”

मी टेबलाखाली होते, मित्रांनो. फुटले त्या सकाळीही मला एवढा धक्का बसला नव्हता. जाड गोळीवर ज्यांनी आयुष्य काढले, तेच आज मला सोडून बारीक नळी मागत होते! आणि खरे सांगते, त्या धक्क्याखाली कुठेतरी मला हायसेही वाटले. त्यांचा डावा खांदा आता माझा झटका सोसणार नव्हता.

नळीवाल्यांनी मला उजेडात धरले, खटक्याच्या फाकलेल्या बाजूवरून नख फिरवले. शेवटी म्हणाले, “हिला जोडता येईल, दिसायला नवीही करता येईल. पण ही पुन्हा उडवायची नाही. आतून पोलाद ताणलं गेलंय.” मामंजींनी मला हातात घेतले. त्यांचा गाल, टाके असलेला, माझ्या चिरलेल्या दस्त्याला टेकला. मग त्यांनी मला सुनेच्या हातात दिले. त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतले नाही.

आता मी मैदानावरच्या शिकवणीच्या खोलीत भिंतीवर आहे. खटका उघडा, चिरलेला दस्ता तसाच, आणि शेजारी खिळ्याला ते फाटलेले पितळ. सासरे-सून दर रविवारी येतात. मामंजी डाव्या डोळ्याने शिकताहेत. नेम पहिल्यासारखा नाही. चिडतात, हसतात, पुन्हा बसतात. टेबले शेजारशेजारची, पण दोन. प्रमुख आता थोरामोठ्यांनाही शिट्टी वाजवतात, आणि सर्वांत जास्त मामंजींना. परवा तर चष्मा कपाळावर चढवला म्हणून वाजवली. मामंजी शिव्या देत चष्मा खाली ओढत होते आणि सूनबाई तोंड फिरवून हसत होती.

मागच्या महिन्यात खोलीला रंग दिला. रंगाऱ्याने मला उतरवले, काजळी पुसायला फडके ओले केले आणि भेगेत भरायला लांबी कालवली. म्हणाला, “नवी मुलं येतात, त्यांना भीती वाटेल. चकचकीत करून टाकतो.” सूनबाई दारातच होती. तिने धावत येऊन त्याच्या हातातले फडके काढून घेतले.

“राहू द्या, दादा,” ती म्हणाली. “एवढी तरी भीती वाटू द्या.”

माझेही मागणे तेवढेच आहे, मित्रांनो. तुमच्या हातात उद्या कुठलेही हत्यार येईल. रायफलच असेल असे नाही, करवत असेल, शेगडी असेल, गाडीचे स्टिअरिंग असेल. हात कितीही सरावलेला असो, डोळ्याला विचारल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देऊ नका. कुणी कितीही मोठे असो, त्यांच्यासाठी शिट्टी खाली सोडू नका. आणि माझ्या खोलीत आलात, तर माझी काजळी पुसू नका. मला तशीच काळी राहू द्या.